शेंगदाण्याएवढा ड्रायव्हर

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की पूर्वी मी "खेळण्यातल्या गाड्यांचे सुटे भाग बनवतो" असं सांगून मोकळा व्हायचो. समोरचा मान डोलवायचा आणि विषय बदलायचा. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. आमच्या गिऱ्हाइकांत मूल एकही नाही. बहुतेक जण साठीच्या पुढचे, काहींचे हात कापतात. एकानं तर मला आवर्जून कळवलं होतं की गाड्यांचं कपाट नातवाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर आहे, काळजी नसावी.

ही गाडी म्हणजे तळहातावर मावणारी, विजेवर धावणारी मोटार. तिच्या मार्गावर एक बारीक खाच असते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी. गाडीच्या नाकाखाली एक जीभ असते. ती खाचेत बसते आणि गाडीला वाट दाखवते. जिभेच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या तारांच्या चपट्या वेण्या असतात. त्या पट्टीवर घासत जातात आणि मोटरीला वीज मिळते. खेळणाऱ्याच्या हातात एक खटका असतो. जास्त दाबला की गाडी वळणावर खाचेतून उडते आणि जमिनीवर पडते, कमी दाबला की मागे राहते. सगळा खेळ अंगठ्याचा. साठ वर्षांपूर्वी परदेशात या गाड्यांचं वेड होतं. ते ओसरलं, बनवणारे बंद पडले, गाड्या माळ्यावर गेल्या. त्या वेळची मुलं आता म्हातारपणी माळ्यावर चढतात, खोकं उघडतात आणि बघतात तर जीभ तुटलेली, रबरी चाकं दगडासारखी झालेली, काच पिवळी पडलेली आणि ड्रायव्हर बेपत्ता. मग ते आमच्यासारख्यांना शोधतात.

आमच्यासारखे म्हणजे साताऱ्यात मी आणि माझी पत्नी सुमन, आणि सांगलीत अण्णाप्पा. सुमनला जाऊन दोन वर्षं झाली.

धंद्याचा इतिहास मी इथे सांगणार नाही. तो सांगण्यासारखा नाहीही. मला एका रबरी साच्याबद्दल लिहायचं आहे. तो सुमनच्या हातचा होता, त्याचं आयुष्य संपत आलं होतं, आणि तो वापरावा की जपून ठेवावा हे ठरवायला मला या उन्हाळ्यात दीड महिना लागला.

नोकरीत असताना मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये तपासनीस होतो. बनून आलेला भाग मापात आहे की नाही हे बघायचं आणि नसेल तर त्याला लाल रंगाचा ठिपका लावायचा. ठिपका म्हणजे नापास. एकतीस वर्षं मी ठिपके लावले. सुमन शाळेत चित्रकला शिकवायची. आमटी तोंडात घालून मी क्षणभर थांबलो की ती म्हणायची, "लावा ठिपका, लावा. पण दुसरी आमटी नाही आहे."

निवृत्तीनंतर कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं परदेशातल्या त्याच्या मेहुण्याची एक तुटकी जीभ माझ्याकडे पाठवली, असा भाग करून मिळेल का म्हणून. मी नायलॉनच्या कांडीतून कानशीनं घासून एक केली. ती इतकी नीट बसली की मेहुण्यानं आपल्या मंडळातल्या बारा जणांना सांगितलं. अशी सुरुवात झाली. मी जिभा, आस, दातेरी चाकं करायचो. रंग, काचा आणि माणसं सुमनकडे. मोटरी अण्णाप्पाकडे.

अण्णाप्पाचं सांगलीत मोटरी भरून देण्याचं दुकान आहे. जळालेल्या मोटरीतली जुनी तार काढून नवी गुंडाळायची, याला आमच्याकडे मोटर भरणं म्हणतात. पलूस-कडेगावकडच्या विहिरींवरच्या मोटरी त्याच्याकडे येतात. उसाला पाणी द्यायच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मी पहिल्यांदा त्याच्यापुढे खारकेएवढी मोटर ठेवली, तेव्हा त्यानं ती दोन बोटांत धरली, उजेडाकडे नेली आणि म्हणाला, "सायेब, ही मोटार हाय का मुंगीचं काळीज?"

"भरता येईल का?"

"आवं, साडेसात हॉर्सपॉवरची भरतूय, ही का न्हाई भरणार? फकस्त श्वास धरून बसाय लागंल."

आणि तो खरोखरच श्वास धरून बसला. केसासारखी तार, तीन लहान खांबांवर मोजून गुंडाळायची. एक वेढा कमी-जास्त झाला तर गाडी थरथरते. दारात ट्रॅक्टर थांबवून मोटर न्यायला आलेला माणूस ओरडत होता, "अण्णा, माझी झाली का न्हाई? पिकाला पाणी न्हाई हिकडं!" अण्णाप्पानं मान वर न करता हात दाखवून त्याला गप्प बसवलं. वेढे पुरे झाल्यावर श्वास सोडून म्हणाला, "तुझी मोटार मोठी हाय, गड्या. तिला कळ काढता येती."

माणसं सुमनकडे, असं मी वर लिहिलं. जुन्या गाडीत ड्रायव्हर छातीपर्यंतच असतो. खाली पाय नसतात, ते कुणाला दिसतही नाहीत. डोकं शेंगदाण्याएवढं. हॉलंडमधल्या एका निवृत्त पोस्टमननं आपल्या गाडीसाठी ड्रायव्हर मागितला. मूळ ड्रायव्हर हरवलेला, फक्त एक धूसर फोटो. सुमननं नळाच्या गळतीला लावतात तो दोन रंगांचा लगदा मळला आणि सुईनं डोकं कोरायला बसली. पहिला ड्रायव्हर हसणारा झाला. मी फोटोशी ताडून पाहिला आणि म्हणालो, "मूळचा हसत नाहीये." तिनं माझ्याकडे पाहिलं, तो चेपून टाकला आणि दुसरा करायला घेतला. आयुष्यात मी जेवढे भाग नापास केले, त्यांतला तेवढा एक परत मिळावा असं आता वाटतं.

दुसरा ड्रायव्हर शांत होता. डोळे किंचित मिटल्यासारखे, एक कोपर दाराबाहेर, डावा गाल थोडा फुगलेला. मी विचारलं, हा गाल असा का? ती म्हणाली, "पान आहे. मी गाडी चालवणारी माणसं एसटीतलीच पाहिली आहेत. साताऱ्याहून वाईला जाताना पुढच्या सीटवर बसून जेवढी पाहिली, तेवढी." मी गाल मोजला. फोटोत ती बाजू अंधारात होती, त्यामुळे नापास करायला आधार नव्हता.

ड्रायव्हर ज्यात बसतो ते सीट-स्टिअरिंगचं तबक मी केलं होतं. ते आणि ड्रायव्हर हॉलंडला गेले. तीन आठवड्यांनी पत्र आलं. पोस्टमननं फार सभ्यपणे लिहिलं होतं: ड्रायव्हर अप्रतिम आहे, पण तो शेजारच्या सीटवर बसला आहे आणि गाडी कोण चालवतं आहे ते कळत नाही. मी फोटो पुन्हा काढून पाहिला. त्यांच्याकडे स्टिअरिंग डाव्या बाजूला असतं. एकतीस वर्षं शतांश मिलिमीटर मोजणाऱ्या माणसानं आपल्या एसटीच्या सवयीनं ड्रायव्हर उजवीकडे बसवला होता, आणि सुमननं त्याचं कोपर उजव्या दाराबाहेर काढलं होतं. दोघांनाही काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. सुमन इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग तिनं लाल रंगाची डबी आणली, ब्रशच्या टोकानं माझ्या अंगठ्याच्या नखावर एक ठिपका दिला आणि म्हणाली, "तपासनीस नापास."

पोस्टमननं दोन्ही परत पाठवल्यावर तबक मी बदललं, कोपर तिनं दुसऱ्या बाजूला घेतलं, पण गाल तसाच ठेवला, आणि ड्रायव्हर पुन्हा हॉलंडला गेला. पोस्टमननं तो मंडळात दाखवला आणि तो ड्रायव्हर सगळ्यांनाच हवा झाला. शर्यतीत इतका शांत माणूस कुणी पाहिला नव्हता म्हणे.

अनेक ड्रायव्हर हवे म्हणून पोस्टमनकडून मूर्ती परत मागवून साचा केला. मूळ मूर्ती खोक्यात ठेवून तिच्यावर पातळ सिलिकॉन रबर ओततात. रबर घट्ट झालं की ते चिरून मूर्ती बाहेर काढतात. आत तिच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत दोन द्रव मिसळून ओतले की अर्ध्या तासात घट्ट प्लास्टिक होतं, म्हणजे नवा ड्रायव्हर. साचा करताना सुमनची मूळ मूर्ती मानेत तुटली. पुष्कळदा तुटते. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, तुकडे टाकून दिले, कारण साचा चांगला आला होता आणि पोस्टमनला त्यातला पहिला नग गेला.

पण रबर काही कायमचं नसतं. प्रत्येक ओतकामात ते थोडं थोडं जळतं, पंचवीस-तीस नगांनंतर फाटतं. मग निघालेल्या नगावरून नवा साचा का करत नाहीत, असं कुणीही विचारेल. करता येतो. पण प्रत्येक नग मूळच्यापेक्षा केसभर लहान असतो आणि कडा बोथट होतात. प्रतीची प्रत काढली की पापणीची घडी जाते, ओठ जातात, नाक मेणबत्तीसारखं उतरतं. या छंदातले जाणकार अशा मालाकडे तुच्छतेनं बघतात. आम्ही दोघांनी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं की प्रतीची प्रत काढायची नाही. साच्याच्या डबीवर सुमन प्रत्येक नगामागे पेन्सिलीनं एक रेघ ओढायची. ती गेली तेव्हा डबीवर चोवीस रेघा होत्या.

त्यानंतर मी जिभा आणि चाकं करत राहिलो. ड्रायव्हर मागणाऱ्यांना "सध्या उपलब्ध नाही" असं कळवायचो. डबी कपाटात होती. कधीतरी काढून साचा हातात धरायचो, थोडा वाकवून आत बघायचो. आत तो चेहरा उलटा, खोलगट दिसतो. नाकाच्या जागी खड्डा, फुगलेल्या गालाच्या जागी वाटी.

या वर्षी होळीनंतर पाचगणीहून फिरोज सरांचा फोन आला. सर तिथल्या एका निवासी शाळेत सुतारकाम आणि हस्तकला शिकवायचे. आता वय चौऱ्याऐंशी. पन्नास वर्षांपूर्वी एका श्रीमंत मुलाच्या घरून शाळेच्या छंदवर्गाला या गाड्यांचा संच भेट मिळाला होता. वर्ग बंद झाला तेव्हा शाळेनं तो सरांना देऊन टाकला. मी भेटायला गेलो. सरांनी खोकं उघडलं. सहा गाड्या होत्या आणि सहाही रिकाम्या.

"पोरं डोकी पिरगाळून काढायची," सर म्हणाले. "दर वर्षी मी नवी बसवायचो. साबणाची, खडूची. मग मी पण थकलो."

मे महिन्याच्या शेवटी सर कायमचे मुलीकडे पुण्याला जाणार होते. तिथल्या फ्लॅटमध्ये हा मार्ग मांडायला जागा नव्हती. त्यांचे सहा जुने विद्यार्थी निरोपाला येणार होते. शेवटची शर्यत लावायची आणि एकेकानं एकेक गाडी घेऊन जायची, असं ठरलं होतं.

"मोटरी भरून द्या, चाकं द्या. आणि मला सहा ड्रायव्हर पाहिजेत. गाडी रिकामी पळते ना, मला बरं नाही वाटत. कोणीतरी अर्ध्या रस्त्यात उतरून गेल्यासारखं वाटते." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमच्या मिसेसचा तो पानवाला मी बघितला आहे. एका विद्यार्थ्यानं परदेशातून फोटो पाठवला होता. अरे बाबा, मला तोच पाहिजे."

मी मोटरींना हो म्हणालो आणि ड्रायव्हरबद्दल बघतो म्हणालो. चोवीस रेघा ओढलेल्या साच्यातून सहा नग काढायचे, म्हणजे साचा संपणार हे उघड होतं. आणि साचा संपला की तिच्या सुईनं कोरलेलं माझ्याकडे काहीच उरणार नव्हतं.

मोटरी घेऊन मी सांगलीला गेलो. अण्णाप्पाला मी साच्याचं बोलणार नव्हतो, पण चहा येईपर्यंत बोलून बसलो. तो तार गुंडाळत होता. वेढे पुरे झाल्यावर त्यानं विचारलं.

"वैनींचा साचा म्हणजे रबरच न्हवं?"

"हो."

"मग तुमी वापरा न्हाईतर नका वापरू, त्यो वाळणार. पाच वर्सांनी डबी उघडशीला आन् हातात भुगा यील. तवा काय करशीला?"

मला हे माहीत होतं. रबराबद्दल त्याच्यापेक्षा जास्त मलाच माहीत होतं. तरी मी म्हणालो, "पाच वर्षं तरी राहील."

अण्णाप्पानं शेजारचा लाकडी फर्मा उचलला. मोठ्या मोटरींची तार आधी त्या फर्म्यावर गुंडाळून घेतात. हाताळून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. "ह्यो माझ्या बापाचा. बाप गेला तवा आई म्हनली, ह्यो देवापशी ठेव. मी म्हनलं, आगं, देवाला कवा मोटारी भरायच्यात? रोज हातात घेतूय. बाप रोज शिव्या घालतूय, हळू गुंडाळ म्हनून." त्यानं फर्मा खाली ठेवला. "वैनी असत्या तर काय म्हनल्या असत्या, ते तुमास्नी ठावं हाय. उगं मला कशाला इचारताय?"

मला ते माहीत होतं. वापरा साचा, दुसरी आमटी नाही आहे, असं म्हणाली असती.

तरीही मला आणखी तीन आठवडे लागले. मग एका सकाळी, हवा कोरडी असताना, मी डबी काढली. आर्द्रता असली की प्लास्टिकला बुडबुडे येतात, म्हणून कोरडी सकाळ. दोन द्रव तोलून घेतले, ढवळले, सुईनं पोकळीच्या कोपऱ्यांत पोचवले, टेबलावर हलकेच आपटून बुडबुडे वर आणले. अर्धा तास बसून राहिलो. पहिला नग स्वच्छ निघाला. पापणीची घडी होती, ओठांचा कोपरा होता, गालात पान होतं. डबीवर मी एक रेघ ओढली. ती तिच्या रेघांपेक्षा सरळ आली.

दुसरा आणि तिसराही नीट आला. चौथा काढताना हनुवटीपाशी रबराला बारीक चीर दिसली. पाचवा ओतला तेव्हा ती चीर गालापर्यंत गेली. नग निघाला, पण गालाला प्लास्टिकचा पातळ पदर चिकटून आला, आणि साचा चेहऱ्यातून उभा फाटला. त्याचे दोन तुकडे माझ्या दोन हातांत आले.

मी पाती घेऊन पदर कापला. हे काम नेहमी सुमन करायची. मला जमलं, पण त्याला दुपार झाली. पाच ड्रायव्हर टेबलावर उभे होते आणि सहावा नव्हता.

खरं सांगायचं तर मी त्या संध्याकाळी पहिल्या नगाभोवती पुठ्ठ्याचं खोकं बांधलं होतं. रबराचा डबाही उघडला होता. सहावा नग केसभर लहान आणि थोडा बोथट झाला असता. फिरोज सरांची नजर आता अधू आहे, त्यांना कळलं नसतं. त्यांच्या विद्यार्थ्यांनाही नाही. आणि पुन्हा वीस-पंचवीस ड्रायव्हर निघाले असते, मागणाऱ्यांना नाही म्हणावं लागलं नसतं. मी नगाकडे बघत बसलो. मग डबा बंद केला. कुणाला कळेल की नाही, हा प्रश्न नव्हता. दर पंचवीस प्रतींनंतर पुन्हा नवा साचा, आणि तिचा ड्रायव्हर हळूहळू चेहरा नसलेला माणूस होत जाणार, आणि तो तसा करणारा मी असणार, हे मला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन रंगांचा लगदा मळला.

मी कधी चेहरा केला नव्हता. सुरुवात माझ्या पद्धतीनं केली. सुमनच्या ड्रायव्हरची मापं घेतली. दोन डोळ्यांतलं अंतर, कानांची उंची, नाकाची लांबी. सगळं मापात कोरलं. जे झालं ते एखाद्या नटबोल्टसारखं दिसत होतं. ते चेपलं. दुसऱ्याचे कान वर-खाली झाले, ते सारखे करता करता कानच उरले नाहीत. तिसऱ्याला मी पान द्यायला गेलो, तर दाढ सुजल्यासारखा दिसायला लागला. अकरा दिवस गेले. चौथ्याच्या वेळी मी मापं घेतलीच नाहीत. सकाळी बसायचो, थोडं कोरायचो, थांबायचो. सुई हवी तिथे थांबायची नाही, त्यामुळे डोळे हवे होते त्यापेक्षा मोठे झाले. भुवया वर गेल्या. तोंड किंचित उघडं राहिलं. पान दिलं नाही. ते त्याचं नव्हतं.

मी तो भिंगाखाली धरला. एकतीस वर्षांच्या सवयीनं हात लाल डबीकडे गेला. मग मागे घेतला. त्याला वाळू दिलं, रंग दिला आणि सहाव्या गाडीत बसवला.

पाचगणीला मी ठरल्या दिवशी गेलो. सरांच्या हॉलमधलं सामान बांधून भिंतीला लावलेलं होतं. मधल्या मोकळ्या जागेत जमिनीवर आठाच्या आकाराचा मार्ग मांडला होता. सहा विद्यार्थी आले होते, सगळे पन्नाशी-साठी उलटलेले. एकाचे गुडघे वाकत नव्हते म्हणून तो उशीवर बसला होता. "सर, माझी निळी. मी डोकं काढलं होतं तीच," तो म्हणाला. सर म्हणाले, "तू सगळ्यांचीच काढलीस, गाढवा. आता हात लावला तर बघ."

सरांनी भिंग मागितलं. एकेक गाडी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. सुमनच्या पाचही ड्रायव्हरांपाशी ते थांबले, प्रत्येकाला "वा, राजा" म्हणाले. मग सहावी गाडी उचलली. बराच वेळ पाहत राहिले. कारखान्यात माझ्यापुढे भाग ठेवून उभे राहणाऱ्यांना काय वाटत असेल, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

"हा वेगळा आहे," सर म्हणाले.

"हो."

"घाबरलेला दिसतो."

"नवीन आहे," मी म्हणालो.

सरांनी भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग गाडी मार्गावर ठेवली, जीभ खाचेत नीट बसली ना ते बोटानं चाचपलं आणि खटका स्वतःच्या हातात घेतला.

"थांबा रे सगळे," ते विद्यार्थ्यांना म्हणाले. "ही गाडी आधी एकटी जाईल. याला पहिली फेरी हळू देऊ."